तुमचे प्रश्न : नोटपॅडमधून थेट स्लाइड्स

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या की हल्ली मी माझी सगळी प्रेझेंटेशन्स साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिते आणि त्यातूनच स्लाइड्स बनवून घेते, तर त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक प्रश्न आपल्या नाशिकचे आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले आहेत. नावं छापत नाही, आणि जागेसाठी प्रश्न थोडे छोटे केलेत.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक, पंचवटीत राहतो. पांडवलेण्यांवर पंधरा वर्षं व्याख्यानं देतोय. जुन्या कॉम्प्युटरवरची पीपीटी नवीन लॅपटॉपवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मुलगा म्हणतो सगळं परत टाइप करा. परतच टाइप करायचं तर तुमच्या पद्धतीने करावं का? आणि ती पद्धत नक्की आहे काय?

सर, आधी ती खिचडी का झाली ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप पटेल. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक द्यायची पद्धत, ती रुळायच्या आधीचे आपले बरेचसे मराठी फाँट आतून इंग्रजीच असायचे, म्हणजे फाइलीत साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह आणि फाँट त्याच्या जागी 'क' किंवा अर्धा 'त' काढून दाखवायचा. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की आतलं जे काही होतं ते उघडं पडतं. तुमचं व्याख्यान त्या फाइलीत आहे, पण मराठी म्हणून ते तिथे कधी नव्हतंच. माझ्या बाबांची गोदाकाठच्या देवळांवरची टिपणं अशीच गेली. तीन सीडी भरून फाइली घरात आहेत, कुठला फाँट वापरला होता ते आता कोणालाच आठवत नाही, आणि एक ओळ धड वाचता येत नाही. म्हणून या विषयावर मी इतकी तळमळून लिहिते.

तर परत टाइप करायला बसू नका लगेच. तुमचा फाँट कुठला होता ते फाइलीत कळत असेल तर त्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर मिळतो का बघा, त्यातून मजकूर काढून घ्या आणि मग दोन गोष्टी नीट तपासा, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, त्यामुळे कन्व्हर्टर चुकतो तो बहुतेक तिथेच. 'कार्तिक', 'मूर्ती' असे शब्द शोधून बघा, लगेच कळेल.

आता पद्धत. मार्कअप म्हणजे खुणा, बस. प्रेसमध्ये मुद्रितशोधक प्रुफावर खुणा करायचा, हे ठळक, इथे नवा परिच्छेद, तसंच हे, फक्त खुणा तुम्ही लिहितानाच करायच्या आणि त्या वाचून स्लाइड बनवायचं काम सॉफ्टवेअरचं. यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चालणारी खुणांची पद्धत म्हणजे मार्कडाउन, जॉन ग्रुबर नावाच्या लेखकाने २००४ साली काढलेली. लोक साध्या ईमेलमध्ये जशा खुणा करत होतेच, ठळक शब्दाला दोन्हीकडून स्टार, यादीला डॅश, त्याच त्याने पक्क्या केल्या. तुमच्याच विषयाच्या दोन स्लाइड्स अशा दिसतील :

# लेणं क्रमांक ३

- गौतमी बलश्रीचा लेख
- लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत
- मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन

<!-- इथे थांबून सांगायचं : आई मुलाबद्दल बोलतेय, आणि लेख कोरला तेव्हा गादीवर नातू पुळुमावी आहे -->

---

# लेणं क्रमांक १८

- चोवीस लेण्यांमधलं चैत्यगृह
- बाकीची बहुतेक विहारं, म्हणजे राहायच्या जागा

एवढंच आहे. हॅश म्हणजे शीर्षक, डॅश म्हणजे मुद्दा, दोन्हीकडून दोन-दोन स्टार लावलेलं ठळक, आणि तीन डॅशची ओळ म्हणजे इथे ही स्लाइड संपली. त्या कोनी कंसातली ओळ पडद्यावर येत नाही, ती तुमच्या स्वतःसाठीची टीप. ही फाइल वीस वर्षांनी कुठल्याही कॉम्प्युटरवर कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडली तरी व्याख्यान वाचता येणार, स्लाइड बनवणारं सॉफ्टवेअर तेव्हा असो नसो.

दोन चुका मात्र सगळ्यांच्याच होतात. हॅशनंतर एक जागा सोडायचीच, नाहीतर ते शीर्षक धरलं जात नाही, नुसता हॅश छापून येतो. आणि तीन डॅशच्या वर एक ओळ रिकामी पाहिजे. ती सोडली नाही आणि वर एखादं साधं वाक्य असलं तर मार्कडाउनला वाटतं की हे डॅश म्हणजे त्या वाक्याखाली मारलेली रेघ आहे, मग ते वाक्य मोठ्या अक्षरात शीर्षक होऊन बसतं आणि दोन स्लाइड्स एकमेकींना चिकटतात. तुम्हाला पहिल्या दिवशी काही विचित्र दिसलं तर आधी हेच बघा सर.

प्रश्न : ताई, मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत नेट कधी असतं कधी नसतं. यासाठी काय काय डाउनलोड करावं लागेल आणि ते फुकट आहे का? मोबाइलवर लिहिलं तर चालेल का?

फुकट आहे, आणि नेट एकदाच लागेल. कधी नाशिकला याल तेव्हा लॅपटॉपवर दोन गोष्टी घालून घ्या, एक व्हीएस कोड नावाचा एडिटर आणि दुसरं त्याच्या आतलं मार्प नावाचं एक्स्टेन्शन. मग शाळेत नेट नसलं तरी काही अडत नाही, डावीकडे तुम्ही लिहाल आणि उजवीकडे स्लाइड तिथल्या तिथे बदलताना दिसेल. फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजी एम आणि डी लावायचं. आणि फाइलीच्या अगदी डोक्यावर तीन डॅशची ओळ, त्याखाली मार्प, कोलन, एक जागा, ट्रू, मग परत तीन डॅशची ओळ, एवढं लागतं, हे शब्द मात्र इंग्रजी लिपीत छोट्या अक्षरांत. ती कोलननंतरची एक जागा विसरू नका, ती नसली तर एक्स्टेन्शनला कळतच नाही की ही स्लाइडची फाइल आहे.

झालं की पीडीएफ काढायची. त्यासाठी मार्पला कॉम्प्युटरवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स यापैकी एक ब्राउझर लागतो, विंडोजमध्ये एज असतोच. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो म्हणून शाळेच्या टीव्हीला लावा नाहीतर मोबाइलवर उघडा, मराठी हलणार नाही.

मोबाइलवर लिहायला हरकत काहीच नाही, मी स्वतः बसमध्ये बसून लिहिते. फक्त काही फोन स्वतःहून दोन डॅश जोडून एक लांब डॅश करून टाकतात, वर्डसुद्धा तेच करतं, आणि मग ती स्लाइड तुटायची खूण राहत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ते स्मार्ट पंक्चुएशन बंद करून ठेवा. आणि एक, मजकूर स्लाइडमध्ये मावला नाही तर तो आपोआप पुढच्या स्लाइडवर जात नाही, खाली कापला जातो, तेव्हा मुलांसाठी लिहिताना एका स्लाइडवर चार-पाच ओळींच्या वर जाऊच नका, मागच्या बाकावरून तसंही वाचता येत नाही.

प्रश्न : अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दर महिन्याला रिजेक्शनचं प्रेझेंटेशन करावं लागतं. मार्प वापरून बघितलं, छान वाटलं, पण पीपीटी काढून साहेबांना पाठवली तर ते म्हणाले की यात एक अक्षरही बदलता येत नाही. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. मार्प पीपीटी काढून देतं पण प्रत्येक स्लाइडचा एक फोटो करून तो पानावर चिकटवतं, म्हणून दिसतं हुबेहूब आणि बदलता काहीच येत नाही. साहेबांना स्वतः आकडे बदलायचे असतील तर तुमच्या कामाचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, पॅनडॉक. जॉन मॅकफार्लेन नावाचे बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २००६ साली ते सुरू केलं आणि आजही सांभाळतात. तीच मार्कडाउनची फाइल द्या, ते खरीखुरी पॉवरपॉइंटची फाइल काढून देतं, शीर्षक शीर्षकाच्या चौकटीत, मुद्दे मुद्द्यांच्या, तक्ता असेल तर पॉवरपॉइंटचाच तक्ता, आणि तुमच्या टिपा खाली नोट्समध्ये.

हे बटणाचं काम नाही, कमांड टाइप करावी लागते, पण कमांड एका ओळीची आहे : पॅनडॉक, मग तुमच्या फाइलीचं नाव, मग डॅश ओ, मग पाहिजे त्या पीपीटीएक्स फाइलीचं नाव. घाबरण्यासारखं त्यात खरंच काही नाही. आणि कंपनीचा लोगो, रंग, खालची पट्टी हे सगळं हवं असणार, तर कंपनीचा टेम्प्लेट रेफरन्स डॉक म्हणून त्याच कमांडमध्ये देता येतो, मग दर महिन्याला लोगो सरळ करत बसायला नको. टेम्प्लेटमधल्या लेआउटची नावं मात्र पॉवरपॉइंटची मूळचीच ठेवा, कोणी हौसेने बदलली असतील तर पॅनडॉकला ती सापडत नाहीत.

टिपा लिहायची पद्धत पॅनडॉकमध्ये थोडी वेगळी आहे, तिथे तीन कोलन आणि नोट्स असा शब्द लिहून खाली टीप लिहायची आणि परत तीन कोलन देऊन बंद करायची. आणि स्लाइड कुठे तुटणार हे तो शीर्षकांवरून ठरवतो. एक हॅशचं शीर्षक आणि त्याखाली लगेच दोन हॅशचं, असं असेल तर पहिलं होतं विभागाचं पान आणि दुसऱ्यापासून खऱ्या स्लाइड्स. तुमच्याकडे मशीन शॉप, असेंब्ली, डिस्पॅच असे विभाग असतीलच, त्यांना ते बरोबर लागू पडतं.

तुमच्यासारख्यांना याचा सगळ्यात मोठा फायदा तर मी अजून सांगितलाच नाही. मागच्या महिन्याची आणि या महिन्याची फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते ओळीओळीने दाखवणारी साधनं टेक्स्टवरच खऱ्या अर्थाने चालतात. जून आणि जुलैच्या दोन पीपीटी डोळ्यांनी ताडून बघायचा वैताग तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी द्राक्षबागायतदारांना सल्ला देतो, पिंपळगाव बसवंत भागात. गोड्या छाटणीच्या आधी गावोगाव मीटिंगा असतात. माझ्या स्लाइडवर शब्द कमी आणि पानांचे फोटो जास्त. टेक्स्टमध्ये फोटो कसे बसणार?

बसतात, आणि तुमच्या कामाला तर फारच चांगले बसतात. फोटोची खूण अशी : उद्गारचिन्ह, मग चौकोनी कंस, मग गोल कंसात फोटोच्या फाइलीचं नाव. मार्पमध्ये त्या चौकोनी कंसात इंग्रजीत बीजी आणि राइट असं लिहिलं की फोटो स्लाइडचा उजवा अर्धा भाग भरून टाकतो आणि तुमचे शब्द डावीकडे सरकतात. राइटपुढे कोलन देऊन चाळीस टक्के लिहिलं तर तेवढीच जागा घेतो. समजा भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या दोन रोगांतला फरक दाखवायचाय, तर दोन वेळा बीजी लिहून दोन फोटो द्या, ते आपोआप शेजारी शेजारी बसतात, डावीकडे पानाच्या वरच्या बाजूची राखाडी पांढरी भुकटी, उजवीकडे पान उलटं करून खालची पांढरी बुरशी आणि वरच्या बाजूचे पिवळट तेलकट डाग. शब्द लागतच नाहीत, शेतकरी फोटो बघूनच बोलायला लागतो.

फोटो आणि टेक्स्ट फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि व्हीएस कोडमध्ये तो फोल्डरच उघडा. फोटोच्या नावात मोकळी जागा नको, तिथे मार्कडाउन अडकतं, मधे छोटा डॅश द्या. मोबाइलचा फोटो सहज चार हजार पिक्सेल रुंद असतो आणि मार्पची स्लाइड मुळात १२८० बाय ७२० ची, असे साठ फोटो टाकले की पीडीएफ इतकी फुगते की व्हॉट्सअॅपवर पाठवताना घाम फुटतो. आधीच दोन हजारांच्या आत आणून ठेवा, प्रोजेक्टरवर फरक दिसत नाही.

गावानुसार स्लाइड्स बदलायच्या असतील, म्हणजे निफाडला वेगळ्या आणि दिंडोरीला वेगळ्या, तर नको ती स्लाइड काढून टाकू नका, तिच्या ओळी त्याच कोनी कंसात घाला, पडद्यावरून जाते आणि फाइलीत राहते. पुढच्या हंगामात कामाला येते.

प्रश्न : सिडकोत क्लास घेते. मराठीत १., २., ३. असे क्रमांक टाकले तर यादी होतच नाही, पॅनडॉकमध्ये सगळं एकाच परिच्छेदात चिकटून येतं.

हे आपल्यालाच भेडसावणारं आहे, इंग्रजीवाल्यांना कधी कळणारही नाही. मार्कडाउन क्रमांकाची यादी ओळखतं ती फक्त इंग्रजी अंकांवरून. मराठी एक आणि टिंब त्याच्या दृष्टीने साधा मजकूर, म्हणून ओळी एकमेकींना जोडून टाकतो. फाइलीत इंग्रजी अंकच लिहा, आणि मार्प वापरत असाल तर फाइलीच्या डोक्यावरच्या भागात स्टाइल लिहून तिथे यादीला, म्हणजे ओएल नावाच्या घटकाला, लिस्ट-स्टाइल-टाइप म्हणून देवनागरी अशी किंमत द्या, पडद्यावर १, २, ३ मराठीत येतात. ब्राउझरला ते मुळातच येतं. मुलांपुढे मराठी अंक दिसलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढी खटपट सांगितली.

प्रश्न : कॉलेजात मराठी शिकवतो. सत्तावीस फेब्रुवारीच्या कार्यक्रमासाठी तुमच्या पद्धतीने स्लाइड्स केल्या, पण ल आणि श हिंदी वळणाचे आले. शिवाय 'आचाऱ्याला' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसतो. मला हे सहन होत नाही.

मलाही होत नाही सर, आणि व्हायला नकोच. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं आहेत, महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हाही हीच वळणं धरली. कॉम्प्युटरमध्ये गंमत अशी आहे की ल हे अक्षर हिंदीला आणि मराठीला एकच आहे, युनिकोडमध्ये त्याची जागा एकच, वळण कुठलं काढायचं ते फाँट ठरवतो. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे कोणीतरी त्याला सांगावं लागतं, नाहीतर तो हिंदीचं वळण काढतो. पॉवरपॉइंटमध्ये हे सांगूनही त्याचा उपयोग होईलच असं नाही. इथे मात्र एका ओळीचं काम आहे. मार्पच्या फाइलीत डोक्यावरच्या तीन डॅशच्या त्या दोन ओळींच्या मधे लँग, कोलन, जागा आणि एमआर ही दोन अक्षरं लिहा, एमआर म्हणजे मराठी, आणि फाँट नोटो सान्स देवनागरी घ्या. ल लगेच वळतो, बघून खरंच बरं वाटतं. नाहीतर सरळ टिरो देवनागरी मराठी हा फाँट घ्या, तो मराठीसाठीच काढलाय, त्यात वळण मुळातच आपलं आहे. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो.

आता ऱ्य. 'आचार्याला' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला, एवढा फरक त्या अर्धचंद्रासारख्या र मध्ये आहे हे तुम्हाला मी काय सांगणार. टाइप करताना तो दोन रस्त्यांनी येतो. एक, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. बहुतेक ठिकाणी दोन्ही सारखेच दिसतात पण फाइलीत ते दोन वेगळे शब्द आहेत, तुम्ही एक शोधलात तर दुसरा सापडत नाही, आणि ते न दिसणारं जोडचिन्ह कॉपी-पेस्ट करताना कुठे गळालं की स्वयंपाक्याचा गुरू होतो. तुमच्या फाइलीत तेच झालंय, अर्धा मजकूर मोबाइलवरून आलाय आणि अर्धा लॅपटॉपवरून. सगळीकडे नुक्त्याचा ऱ ठेवा, फाइंड-रिप्लेसने दोन मिनिटांत होतं, साधा टेक्स्ट असल्यामुळे ते न दिसणारं चिन्हसुद्धा शोधता येतं, व्हीएस कोड तर अशी चिन्हं चौकट करून दाखवतो.

प्रश्न : एमएस्सी गणित, दुसरं वर्ष. सर म्हणतात सेमिनार बीमरमध्येच (गणित छापायच्या लाटेक सॉफ्टवेअरमधलं स्लाइड्सचं पॅकेज) करा. मला मराठीतही दोन-तीन स्लाइड्स हव्यात. पॅनडॉकने मार्कडाउनमधून बीमर काढलं, मेन फाँट देवनागरी दिला, तरी मराठीच्या जागी कोरं येतं.

तू अगदी दारापर्यंत पोचली आहेस. बीमर लेखातला मुख्य फाँट वापरत नाही, स्लाइडसाठी तो सान्स फाँट घेतो, म्हणून मेन फाँट कितीही दिलास तरी उपयोग नाही, सान्स फाँट म्हणून देवनागरी द्यायचा. आणि इंजिन झीलाटेक किंवा लुआलाटेक घे, जुन्या पीडीएफलाटेकला आपले युनिकोड फाँट थेट वापरताच येत नाहीत. लुआलाटेक घेतलंस तर फाँटच्या ओळीत रेंडरर हार्फबझ असं लिही, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात.

तुझे सर बीमरचा आग्रह धरतात ते बरोबरच आहे. डोनाल्ड कनुथ यांनी लाटेकच्या मुळाशी असलेलं टेक काढलं १९७८ साली, ते गणित नीट छापलं जात नाही या रागातूनच, आणि बीमर टिल टांटाउ यांनी २००३ साली स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी लिहिलं, म्हणजे अगदी तुझ्याच गरजेतून. समीकरणं दोन डॉलरच्या खुणांमध्ये लिहायची, मार्कडाउनमध्येही तीच पद्धत चालते, मार्पलाही चालते. प्रोजेक्टर रुंद असेल तर आस्पेक्ट रेशो एकशे एकोणसत्तर, म्हणजे सोळा बाय नऊ, सांगायला विसरू नकोस, बीमर सांगितल्याशिवाय चार बाय तीनच काढतो आणि मग दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात. सिद्धता एकेक पायरीने दाखवायची असेल तर बीमर प्रत्येक पायरीचं वेगळं पान करतो, म्हणून पीडीएफची पानं चाळीसच्या ऐंशी झाली तर दचकू नकोस.

प्रश्न : पॉवरपॉइंट पूर्ण सोडू का? आणि कार्यक्रमाच्या दिवशी काय न्यायचं?

सोडू नका. बाण, चौकटी, फ्लोचार्ट हाताने सरकवत जुळवायचे असतील, एखादी वस्तू पडद्यावर हलवून दाखवायची असेल, तर तिथे पॉवरपॉइंटच बरं आणि टेक्स्टमध्ये ते करायला जाऊ नये, वेळ जातो. शब्द, फोटो, तक्ते, समीकरणं, यासाठी टेक्स्ट. लग्नाच्या वाढदिवसाच्या स्लाइडशोला याची काहीच गरज नाही.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. दोन वर्षांपूर्वी मी एका हॉलमध्ये बोलायला गेले होते, तिथल्यांनी सांगितलं की आमचाच लॅपटॉप वापरावा लागेल, मी पीपीटी दिली, आणि त्यांच्या लॅपटॉपवर माझा फाँट नव्हता. त्याने दुसराच फाँट घेतला, ओळी लांबल्या, शीर्षकं फोटोंवर चढली, आणि समोर शंभर माणसं बसलेली. तेव्हापासून पेनड्राइव्हवर आधी पीडीएफ असते, पीपीटी कोणी मागितली तरच. त्याच पेनड्राइव्हवर टेक्स्ट फाइल आणि फोटोंचा फोल्डर असतो, तीच फाइल मी स्वतःला मेल करून ठेवते. आणि टेक्स्ट फाइलीची एक प्रिंट पिशवीत. त्यात हॅश आणि डॅश असतात पण वाचायला काही अडत नाही, टिपा मधेच येतात त्या तर उलट सोयीच्याच. मागच्या पावसाळ्यात सिन्नरला ऐन कार्यक्रमात लाइट गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मोबाइलच्या उजेडात त्या कागदावरूनच बोलले. लाइट आली तेव्हा आठवी स्लाइड चालू होती, ती लावली आणि पुढे गेले.